जुनी जर्मन गाडी सोलापुरात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी जेट्टा, आता व्हेंटो, आणि मधली दोन वर्षं मेव्हण्याची मर्सिडीज सी-क्लास सांभाळायला. एवढ्या भांडवलावर लोक मला गाडीचा सल्ला विचारतात. सात रस्त्यावर चहाला उभा राहिलो तरी कुणीतरी मोबाइल पुढे करतो, "ही बघा की ओ, दोन नव्वदला देतोय." प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. मी मिस्त्री नाही. मिस्त्रीच्या शेजारी स्टुलावर बसून जे दिसलं, ते लिहितोय.

जर्मन गाडी म्हणजे तुम्ही कुठल्या गाड्या धरता?

आपल्या रस्त्यांवर सगळ्यात जास्त फोक्सवॅगन. पोलो आणि व्हेंटो, दोन्ही २०१० पासून चाकणला बनलेल्या. त्याआधीच्या जेट्टा आणि पसाट. मग मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी. स्कोडा चेक प्रजासत्ताकातली आहे, पण रॅपिड आणि व्हेंटो शेजारी लावून बॉनेट उघडलं तर खालचा संसार एकच निघतो, त्यामुळे इथलं बरंचसं स्कोडावाल्यांनाही लागू. ओपेलची अ‍ॅस्ट्रा किंवा कोर्सा अजून कुणी चालवत असेल तर त्यांना नमस्कार. ओपेल हे नाव भारतातून २००६ मध्ये गेलं, २०१७ मध्ये जनरल मोटर्सनेही इथली विक्री थांबवली. ती गाडी आता निव्वळ हौस.

तसं पाहिलं तर सोलापूरकर जर्मन गाडीत कधीचाच बसलाय. 'टेम्पो' हे मुळात हँबुर्गच्या एका कंपनीच्या गाड्यांचं नाव. १९५८ मध्ये बजाज टेम्पो सुरू झाली ती त्यांच्याच तंत्रावर, आणि नाव इतकं रुळलं की आज कुठल्याही कंपनीचा छोटा ट्रक आपल्याला टेम्पोच. पुढे ट्रॅक्समध्ये मर्सिडीजचं ओएम ६१६ हे डिझेल इंजिन परवान्यावर बनून बसलं. तेच इंजिन जुन्या २४० डी मर्सिडीजमध्ये होतं. अक्कलकोट-पंढरपूर करणाऱ्या ट्रॅक्स दुरुस्त करत म्हातारा झालेला मिस्त्री ती मर्सिडीज पाहून घाबरत नाही, त्याचं कारण हे.

सोलापुरात अशी गाडी ठेवणं परवडतं का?

गाडी परवडते. थकबाकी परवडत नाही.

जुन्या गाडीचा प्रवास बघा. पहिला मालक पुण्यातला, नोकरदार, चार-पाच वर्षं कंपनीत सर्व्हिस करतो. दुसरा मालक वॉरंटी संपल्यावर बाहेर जातो, पण ऑइल वेळेवर बदलतो. तिसऱ्याकडे गाडी येते तेव्हा मोठी कामं दारात उभी असतात: टायमिंग बेल्ट (इंजिनातल्या व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा पट्टा), क्लच, लोअर आर्मचे बुश, शॉकअप, टायर. तो म्हणतो, "चालतीय ना, बघू दिवाळीनंतर." दोन दिवाळ्या जातात आणि तो गाडी विकायला काढतो. ती तुम्ही घेता, स्वस्तात मिळाली म्हणून पेढे वाटता, आणि तिघांनी मिळून टाळलेलं सगळं काम चार महिन्यांत तुमच्या दारात येतं. मग गावभर बोलबाला, "जर्मन गाड्या लई खर्चिक."

म्हणून माझा हिशेब साधा आहे. तीन लाख असतील तर दोन लाखांची गाडी बघा आणि एक लाख तिच्या थकबाकीसाठी बँकेत राहू द्या. तो लाख काढून आधीच म्युझिक सिस्टिम आणि सीट कव्हरवर घातलेले लोक मी पाहिलेत.

तीन-साडेतीन लाखांत मर्सिडीज मिळतेय. घेऊ?

गाडीची किंमत दरवर्षी उतरते, पार्टची उतरत नाही. नवी असताना चाळीस लाखांच्या वर गेलेली गाडी आज पोलोच्या भावात मिळते, पण तिचा एअर सस्पेन्शनचा स्ट्रट आजही चाळीस लाखांच्या गाडीचाच आहे. सेकंडहँड मर्सिडीज घ्यायची ऐपत आणि ती ठेवायची ऐपत, दोन्ही वेगळ्या गोष्टी.

त्यातही मॉडेल पाहून बोलावं लागतं. ई-क्लासची डब्ल्यू २११ पिढी घेत असाल तर २००२ ते २००६ च्या गाड्यांत एसबीसी नावाची इलेक्ट्रॉनिक ब्रेक यंत्रणा आहे. तिचं युनिट ब्रेक किती वेळा दाबला ते मोजतं आणि ठरलेला आकडा भरला की चेतावणी देतं. ते बदलायचा खर्च ऐकून आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी स्वतःचं बीपी मोजलं होतं. बीएमडब्ल्यू ३२० डी मधल्या एन ४७ इंजिनाची टायमिंग चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. घरघर ऐकू आली तर काम मोठं. सी-क्लासच्या 'कॉम्प्रेसर' नावाच्या पेट्रोल इंजिनाची, म्हणजे एम २७१ ची, चेन ताणली जाते. थंड इंजिन सुरू करताना पहिले दोन-तीन सेकंद खडखड झाली तर किंमत तिथेच थांबवा.

याउलट, कागद पूर्ण असलेली साधी डिझेल सी-क्लास, स्प्रिंगच्या सस्पेन्शनची, फार त्रास देत नाही. मेव्हण्याची तशी होती.

बघायला गेल्यावर काय बघायचं?

आदल्या दिवशी फोन करून सांगा, "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." गेल्यावर नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर मालकाला काहीतरी लपवायचंय. गरम इंजिन सगळंच लपवतं: चेनचा आवाज, इंजेक्टरची खटखट, सायलेन्सरचा निळा धूर.

किल्ली फिरवा, पण इंजिन लगेच सुरू करू नका. डॅशबोर्डवर इंजिन, एबीएस, एअरबॅग असे सगळे दिवे लागले पाहिजेत आणि मग एकेक विझले पाहिजेत. एअरबॅगचा दिवा लागतच नसेल तर तो लागू नये म्हणून कुणीतरी कष्ट घेतलेत.

कूलंटच्या टाकीत डोकावा. फोक्सवॅगनमध्ये गुलाबी-जांभळं पाणी दिसायला हवं. चहासारखं तपकिरी दिसलं तर खाली उन्हाळ्याचा प्रश्न वाचा. ऑइलचं झाकण उघडून आतल्या बाजूला सायीसारखा थर आहे का पाहा. टायरवर चार आकडे असतात. २४१९ म्हणजे २०१९ चा चोविसावा आठवडा. नक्षी खोल दिसली तरी सात-आठ वर्षांचा टायर आपल्या उन्हात लाकूड झालेला असतो. चारही काचांच्या कोपऱ्यातले शिक्के जुळतात का पाहा. एकच वेगळी असेल तर "का?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. समोरचा बोलत राहतो.

एसी दुपारी तपासायचा, गाडी उभी ठेवून, दहा मिनिटं. सकाळी आठला सगळ्यांचे एसी गार असतात.

आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावल्याशिवाय बयाणा द्यायचा नाही. फोक्सवॅगनला व्हीसीडीएस, मर्सिडीजला झेंट्री, बीएमडब्ल्यूला इस्टा. हजार-बाराशेचा साधा ब्लूटूथ स्कॅनर इंजिनाचे कोड दाखवतो, पण गिअरबॉक्स, एअरबॅग, एबीएस यांच्या पोटातलं काढायला ही जाणती यंत्रं लागतात. एक मात्र बघा: सगळे कोड अगदी ताजे पुसलेले दिसले तर ते आज सकाळी पुसलेत, आणि आज सकाळी तुम्ही येणार होतात.

मीटरवरचे किलोमीटर खरे मानावेत का?

नाही. सर्व्हिसची बिलं खरी मानावीत. बिलं नसतील तर स्टीअरिंगची कातडी, ब्रेकच्या पेडलचं रबर आणि ड्रायव्हर सीटची बाहेरची कड हे तिघं साक्षीदार. साठ हजार चाललेल्या गाडीचं पेडल गुळगुळीत होत नाही. काही गाड्यांत इतर मॉड्यूलमध्येही किलोमीटरची नोंद राहते, मीटर मागे करणारा तिथपर्यंत बहुतेक जात नाही.

दिल्लीची गाडी इतकी स्वस्त का मिळते?

दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी आणली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली, २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने ती थोडी सैल केली. तेव्हापासून आठ-नऊ वर्षांच्या चांगल्या डिझेल गाड्या तिथून बाहेर पडू लागल्या. गाडी वाईट असतेच असं नाही. पण तिथली एनओसी, इथला कर, एमएच १३ चा नवा नंबर आणि मधले हेलपाटे धरा, मग स्वस्ताई किती उरते ते बघा. माळशिरस-अकलूजकडचे असाल तर तुमचं पासिंग एमएच ४५ ला, एवढाच फरक. इंजिन आणि चॅसिस नंबर आरसीशी स्वतः टॉर्च मारून जुळवा, एजंटच्या फोटोवर जाऊ नका.

सोलापूरच्या उन्हाळ्यात या गाड्या टिकतात का?

टिकतात, पण पाण्याच्या वाटा टिकत नाहीत. या गाड्यांत कूलंटच्या टाक्या, जोडाचे फ्लँज, थर्मोस्टॅटची घरं, बरंच काही प्लास्टिकचं असतं. दहा-बारा वर्षं तापून थंड होऊन ते बिस्किटासारखं होतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर असतो, बॉनेटखाली काय असेल विचार करा.

माझंच सांगतो. जेट्टा, २००९ ची, १.९ डिझेल. मे महिना, दुपारी अडीच, पुण्याहून परत येताना टेंभुर्णी मागे टाकलं आणि कूलंटचा लाल दिवा लागला. काटा मात्र नव्वदवर शांत. म्हणून मी आणखी पाच-सहा किलोमीटर दामटलं. पुढे कळलं की फोक्सवॅगनचा तो काटा मुद्दाम तसा बनवलेला असतो: इंजिन साधारण ७५ ते १०५ अंशांत कुठेही असलं तरी तो नव्वदवर चिकटून राहतो, चालवणाऱ्याला उगाच घोर नको म्हणून. तो हलला की समजायचं, उशीर झालाय. वाफ दिसली तेव्हा गाडी बाजूला घेतली. हेडच्या बाजूचा प्लास्टिकचा फ्लँज चिरला होता. धाब्यावरच्या पोराने बोअरचं पाणी आणून दिलं, ते ओतत-थांबत मोहोळपर्यंत आलो आणि तिथून टोचन.

खरी चूक पुढे आहे. शहरातल्या एका गॅरेजमध्ये फ्लँज बदलला, आणि आतलं बोअरचं पाणी पूर्ण न काढता वरून हिरवं कूलंट भरून दिलं. मी पैसे देऊन मोकळा. चार महिन्यांनी टाकीत तपकिरी लगदा. घरच्या गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत, आणि त्यावर न जुळणाऱ्या कूलंटची साय. रेडिएटर गेला, वॉटर पंप गेला. फ्लँजच्या किमतीच्या कितीतरी पट. गॅरेजवाल्याला दोष देऊन झाला, पण झाकण उघडून बघायला मलाही कुणी अडवलं नव्हतं.

तेव्हापासूनचा रिवाज: कंपनीने सांगितलेल्या जातीचंच कूलंट, सोबत डिस्टिल्ड वॉटर. गाडीत पाच लिटरचा कॅन कायम. नळाचं किंवा बोअरचं पाणी जीव वाचवायला चालतं, पण घरी आल्यावर ते पूर्ण काढून, धुऊन, नवं भरायचं. लाल दिवा लागला की काटा न बघता थांबायचं. आणि दर मार्चमध्ये, गड्डा यात्रेची थंडी उतरली की, होज, क्लिप, टाकी, फॅन हाताने तपासून घ्यायचं.

उन्हाने आणखी काय जातं? बॅटरी (थंडीपेक्षा गरमीत लवकर मरते), छताचं अस्तर लोंबतं, हेडलाइट पिवळे पडतात. यातलं फक्त पहिलं रस्त्यात उभं करतं. बीएमडब्ल्यूमध्ये नवी बॅटरी बसवल्यावर ती स्कॅनरने गाडीत नोंदवावी लागते, नाहीतर गाडी ती जुनीच समजून चार्ज करत राहते.

ऑइल कुठलं आणि किती दिवसांनी?

दुकानात "५ डब्ल्यू ४० द्या" म्हणून भागत नाही. डब्याच्या मागे बारीक अक्षरांत कंपनीच्या मान्यतेचा आकडा असतो, तो वाचा. जुन्या १.९ डिझेलमध्ये कॅमच्याच लोबवर इंजेक्टर दाबले जातात, त्याला फोक्सवॅगनची ५०५.०१ मान्यता लागते. दुसरं घातलं तर कॅम झिजतो. मर्सिडीजला २२९ ने सुरू होणारे आकडे, बीएमडब्ल्यूला लाँगलाइफचे. पुस्तकात मुदत १५ हजारांची असली तरी आपली धूळ, ऊन आणि गावातलं रांगतं चालणं धरून मी दहा हजार किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, असं करतो. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. ते कुणीच करत नाही.

टायमिंग बेल्ट खरंच इतका महत्त्वाचा?

पोलो-व्हेंटोच्या १.२ आणि १.६ डिझेलमध्ये पट्टा आहे. तो तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि हेडचं काम निघतं. तुटण्याआधी तो आवाज करत नाही, दिवा लावत नाही, काही सांगत नाही. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा. मालकाच्या शपथा ऐकून घ्या, पण पहिल्याच आठवड्यात बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंप असा पूर्ण सेट घाला. पंप तसाच ठेवून नुसता पट्टा बदलणं म्हणजे नव्या धोतराला जुनी गाठ.

डीएसजी ऑटोमॅटिक घ्यावी का?

डीएसजी म्हणजे फोक्सवॅगनचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. सात गिअरची, कोरड्या क्लचची डीएसजी (डीक्यू २००) पोलो जीटी आणि व्हेंटोमध्ये आहे. तिचा मेकॅट्रॉनिक नावाचा मेंदू बिघडला की गाडी जागेवर. चाचणी घेताना चढावर थांबून हळू उचला, पहिल्या-दुसऱ्यात थरथर जाणवली तर नको म्हणा. आधीच्या जेट्टामधल्या सहा गिअरच्या डीएसजीचे क्लच ऑइलात बुडलेले असतात, ती जास्त दमदार, पण तिचं ऑइल ६० हजार किलोमीटरला बदलावंच लागतं. "ऑटोमॅटिकचं ऑइल लाइफटाइम असतं" असं सांगणाऱ्याला विचारा, लाइफ कुणाचं?

नवी पेठेतली संध्याकाळची गर्दी रोज असेल तर माझं मत मॅन्युअलला.

पार्ट कुठून आणता?

आधी नंबर, मग दुकान. चॅसिस नंबर सतरा अक्षरांचा, त्यावरून पार्ट नंबर निघतो. फोक्सवॅगनच्या नंबरात पहिली तीन अक्षरं गाडीचं घराणं सांगतात, जसं पोलोचं 'सिक्स आर झिरो'. शेवटचं अक्षर बदललं की पार्टमध्ये सुधारणा झालेली असते. "व्हेंटोचा सेन्सर द्या" म्हणून मागितला तर दुकानदाराच्या कपाटात जो असेल तो व्हेंटोचा होतो.

मग तीन पायऱ्या. कंपनीच्या खोक्यातला, सगळ्यात महाग. त्याच कारखानदाराचा स्वतःच्या खोक्यातला: बॉश, माहले, झाक्स, लेमफोर्डर, हेला, मान. माल बहुतेक तोच, कंपनीचा शिक्का नाही म्हणून स्वस्त. आणि तिसरा लोकल. वायपर, बल्ब लोकल चालतात. इंजेक्टर, सेन्सर, बेल्ट, ब्रेक यांत तिसऱ्या पायरीवर उतरायचं नाही. डिझेलचे बॉशचे इंजेक्टर तर आपल्याच नाशिकला बनतात, ते "जर्मनीहून मागवावे लागतील" असं कुणी म्हणालं तर दुसरं दुकान बघा.

पुण्यात नाना पेठ, पार दिल्लीला काश्मिरी गेट. नाना पेठेतून रात्री ट्रॅव्हल्समध्ये पार्सल टाकलं की सकाळी इथे हातात. बॉडीचे पार्ट, म्हणजे दरवाजा, बंपर, हेडलाइट, जुन्या बाजारातून घ्यायला हरकत नाही.

सोलापुरातला मिस्त्री की पुण्याचं सर्व्हिस सेंटर?

दोन्ही. सस्पेन्शन, ब्रेक, क्लच, ऑइल, बेल्ट ही कामं इथे होतात आणि उत्तम होतात. आमच्या मिस्त्रींना जर्मन येत नाही, तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी येतं, पण बुशचा आवाज ते रस्त्यापलीकडून ओळखतात. इलेक्ट्रॉनिक्स, गिअरबॉक्सचं कोडिंग, एअर सस्पेन्शन यासाठी अडीचशे किलोमीटर जायची तयारी ठेवा, पुण्याला नाहीतर हैदराबादला त्याच्यापेक्षा थोडं जास्त.

मिस्त्री निवडताना एकच प्रश्न विचारा, "टॉर्क रेंच आहे का?" म्हणजे बोल्ट ठरल्या जोराने आवळायचा पाना. आहे म्हणाला तर म्हणा, दाखवा. धूळ झटकून आणला तर तो शोभेचा. आणि अंदाजाने पार्ट बदलत जाणाऱ्यापासून दूर राहा; "आधी हा बदलू, नाही थांबलं तर तो बदलू" हा तुमच्या पैशाने चाललेला त्याचा क्लास आहे.

ई-२० पेट्रोलने जुन्या गाडीला त्रास होतो का?

ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या उसातून निघतं, म्हणून त्याला नावं ठेवताना जीभ अडखळते. पण खरं तेच लिहितो. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं घटणारच. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि ई-२० साठी न बनलेले जुने रबरी होज, ओ-रिंग, पंपाचे सील त्याने लवकर खराब होऊ शकतात. माझा सल्ला: इंधनाच्या नळ्या दहा वर्षांच्या असतील तर बदलून टाका, आणि पेट्रोल गाडी महिना-महिना उभी ठेवू नका. बॉनेटपाशी पेट्रोलचा वास आला तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही. डिझेलवाल्यांनी हा प्रश्न सोडून द्यावा.

डिझेल घोटाळ्यातलं इंजिन असलं तर?

धुराच्या चाचणीत फसवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे २०१५ मध्ये गाजलेलं फोक्सवॅगनचं ते ईए १८९ इंजिन. भारतात तेव्हा सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्यांना सॉफ्टवेअर बदलायला बोलावलं होतं. चालवायला अडचण काही नाही. सर्व्हिसच्या नोंदीत ते काम झालंय का एवढं पाहा.

बीएमडब्ल्यूत स्टेपनी का नसते?

बऱ्याच मॉडेलमध्ये रन-फ्लॅट टायर असतात, हवा गेल्यावरही ठरावीक अंतर हळू चालणारे. बाजू कडक असल्यामुळे खड्ड्यात रिम वाकते. इथले बरेच जण साधे टायर घालून डिकीत स्टेपनी टाकतात. मीही तेच केलं असतं.

घरात दोन गाड्या आहेत, जर्मन महिनाभर उभी असते. चालेल?

उंदरांना चालेल. सेन्सरची एक वायर कुरतडली तर डॅशबोर्डवर दिवाळी. आठवड्यातून एकदा हिप्परग्याच्या तलावापर्यंत नेऊन आणा, नुसती जागेवर सुरू करून बंद करू नका.

गाडीला १५ वर्षं होतात तेव्हा काय?

महाराष्ट्रात गाडी आपोआप भंगारात जात नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी वाढते. अर्ज फॉर्म २५ मध्ये, मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत. नोंदणी पहिल्यांदा वाढवायचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झालं. बाहेरून आयात झालेल्या चारचाकीला ४०,०००. त्यात पर्यावरण कर वेगळा. इथे जुळवलेली गाडी आणि तयार आयात झालेली गाडी यातला फरक आरसीवर नीट बघा, शुल्काच्या या आकड्यांमुळे. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते, ती लावूनच तपासणीला जा.

तपासणीत अडकतात त्या गोष्टी क्षुल्लक: रिव्हर्सचा दिवा, काळ्या काचा, हॉर्न. इंजिन उत्तम आणि काचेच्या फिल्मपायी परत आलेला माणूस मी पाहिलाय, तो आरशात बघत नव्हता.

माझी १९९६ ची मर्सिडीज व्हिंटेज धरतात का?

नाही. २०२१ च्या नियमाने पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं व्हावी लागतात. १९९५ मध्ये टेल्कोच्या पुण्यातल्या कारखान्यात जुळू लागलेली ती डब्ल्यू १२४ भारतात बनलेली पहिली मर्सिडीज कार, हा मान मात्र तिचा कुणी काढून घेत नाही. विकू नका, आणि रंग काढण्याआधी मला दाखवा.

इन्शुरन्स पूर्ण घ्यावा की थर्ड पार्टी?

थर्ड पार्टी कायद्याने लागतेच. पाच वर्षांवरच्या गाडीची विमा किंमत तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता, म्हणजे घासाघीस करता येते. या गाड्यांचा एक हेडलाइट नाहीतर एक आरसा फुटला तरी पूर्ण विम्याचा हप्ता वसूल होतो. माझं मत, किमान पहिली दोन-तीन वर्षं पूर्ण घ्या.

विकताना किंमत कशी ठरवायची?

तुम्ही गाडीवर घातलेले पैसे विसरा. "गेल्या वर्षी सव्वा लाख लावले" हे वाक्य विकणारा प्रत्येक जण म्हणतो आणि घेणारा ऐकत नाही. तेवढ्या कामाने गाडी चढ्या भावाला जात नाही, फक्त लवकर जाते. तशाच गाडीच्या पाच-सहा जाहिराती पाहा, त्यातला सगळ्यात वरचा भाव सोडा (ती गाडी वर्षभर तिथेच आहे), आणि मधला धरा.

सोलापुरात या गाड्यांना गिऱ्हाईक मोजकं. पितृपक्षात जाहिरात टाकू नका, फोनसुद्धा येत नाही. दसऱ्याच्या आधीचे आठ दिवस आणि पाडवा, तेव्हा लोक पैसे घेऊन फिरतात. व्यापाऱ्याला दिली तर आजच्या आज पैसे, पण तो त्याच्या दुरुस्तीचे, थांबण्याचे आणि भीतीचे पैसे कापतो. जर्मन गाडीला त्याला भीती जास्त.

भाव ठरतो तो फाइलवर. जेट्टा विकताना बार्शीहून एक गृहस्थ आले, सोबत त्यांचा मिस्त्री. मिस्त्रीने येताच जॅक मागितला. मी आधी फाइल दिली. स्प्रिंगची जाड फाइल, दरवर्षाचा वेगळा रंगीत कागद. बिलामागे किलोमीटर, पार्ट नंबर, कधी खोक्यावरचं कापलेलं लेबल चिकटवलेलं. रेडिएटरवाली भानगडही त्यात होती, फोटोंसकट. शिवाय पहिल्या पानावर एक यादी, 'सध्या असलेले दोष': मागची डावी काच हळू उतरते, तिसऱ्या गिअरला थंडीत किंचित घासतं, डिकीचं कुलूप दोनदा दाबावं लागतं. मिस्त्री पानं उलटत राहिला. बेल्टच्या बिलावर थांबला, नंबर वाचला, बोट ठेवून परत वाचला. मग जॅक बाजूला ठेवला आणि त्या गृहस्थांना म्हणाला, "घ्या. माणूस येडा आहे." पाच हजार कमी करून व्यवहार झाला, काचेचे.

दोष लपवायचे नाहीत ते काही साधुत्व म्हणून नव्हे. सोलापूर छोटं आहे. तोच मिस्त्री चार दिवसांनी तुम्हाला लग्नात भेटतो.

अगदीच चालेनाशी झाली तर भंगारवाल्याला तोंडी देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात देऊन गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र (सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट) घ्या आणि नोंदणी रद्द करून घ्या.

विकल्यावर कागदांचं काय?

पैसे खात्यात दिसल्याशिवाय किल्ली देऊ नका, "उरलेले सोमवारी" म्हणणारा पाहुणा असला तरी. कर्ज असेल तर आधी बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवा. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे टीटी फॉर्म म्हणजे २९ आणि ३०. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून एजंटच्या हाती देणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात धोक्याचं. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत, बाहेर ४५ दिवसांत कळवायचं असतं. घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव लावायचं. नाव लागेपर्यंत नोंदीत मालक तुम्हीच, आणि मधे अपघात झाला तर जबाबदारी नोंदीतल्या मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणून डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळही लिहा, मीटरचा फोटो काढा, घेणाऱ्याच्या आधारची प्रत ठेवा. विमा घेणाऱ्याच्या नावावर गेला का तेही आठवण करून विचारा.

आणि फास्टॅग बंद करा. हे मी विसरलो होतो. जेट्टा गेल्यावर दोन महिने माझ्या खात्यातून पैसे कापले जात होते. सावळेश्वरचा टोलनाका नाहीच, प्रत्येक वेळी तुळजापूर रस्त्यावरचा तामलवाडीचा, आणि प्रत्येक वेळी मंगळवार. फोन केला तर म्हणाले, "हां हां, तुळजापूरला जातो की दर मंगळवारी. पैसे आणून देतो, आणि तुमचा प्रसाद पण ठेवलाय."